स्वातंत्र्यदेवी हिरवी कशी झाली?

आधी एक पैज लावूया. कागद घ्या, खडूंची पेटी घ्या आणि अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध स्वातंत्र्यदेवीचं चित्र काढा. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हातात पाटी, डोक्यावर सात टोकांचा मुकुट, अंगावर पायघोळ झगा. काढलंत? आता रंगवा. तुमचा हात कोणत्या खडूकडे जाणार ते मला इथे बसून दिसतंय. फिकट हिरवा! उचललात ना तोच? मग पैज माझी.

कारण १८८६ साली ही बाई न्यूयॉर्कच्या बंदरात उभी राहिली, तेव्हा ती हिरवी नव्हतीच मुळी. तिचा रंग होता तांबूस, तुमच्या पणजीच्या न्हाणीघरातल्या घासूनपुसून ठेवलेल्या बंबासारखा.

मग तिला हिरवा रंग दिला कुणी? कुणीच नाही. हवेनं दिला, पावसानं दिला, समुद्रानं दिला आणि बऱ्यापैकी दिला तो आगबोटींच्या नि कारखान्यांच्या धुरानं. तेही सगळं वीसेक वर्षांत. गंमत म्हणजे तेवढ्याच काळात तिचं आणखी एक काहीतरी बदलत होतं. ती कशाची खूण आहे, हेच बदलत होतं! घडवणाऱ्यांच्या मनात एक होतं आणि पाहणाऱ्यांनी तिला भलतंच काही करून टाकलं. आज या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत. जरा आलटूनपालटून सांगेन, तेवढं सांभाळून घ्या.

तर पहिली गोष्ट तांब्याची.

स्वातंत्र्यदेवी पायाच्या तळव्यापासून मशालीच्या टोकापर्यंत ४६ मीटर उंच आहे. खालचा चबुतरा धरला तर ९३ मीटर. तिचं नाक सव्वा मीटरहून लांब आहे, म्हणजे तुमच्यातल्या चौथीतल्या बऱ्याच जणांएवढं. एवढी मोठी मूर्ती म्हणजे केवढं तांबं लागलं असेल? अंदाज करा. आणि आता फूटपट्टी घेऊन तिच्यावर अडीच मिलिमीटर कुठे येतात ते बघा. तिच्या अंगाचा पत्रा त्याहूनही किंचित पातळ आहे. आतून ती सगळी पोकळ! म्हणून तर एवढ्या अवाढव्य बाईचं तांबं भरलं सुमारे २८ टन. सगळी भरीव असती तर तिला समुद्रापार न्यायचा विचारसुद्धा कुणी केला नसता.

न्यायचा म्हणजे? अहो, ती अमेरिकेत झालीच नाही. ती झाली पॅरिसमध्ये. फ्रान्समधल्या लोकांनी वर्गणी काढून ती अमेरिकेतल्या लोकांना भेट दिली. शिल्पकार होते फ्रेडरिक ऑग्युस्त बार्थोल्डी. त्यांनी आधी छोटा नमुना केला, मग त्याहून मोठा, मग आणखी मोठा. शेवटी एकेका तुकड्याचा पूर्ण मापाचा प्लॅस्टरचा साचा तयार झाला. त्यावरून लाकडाचे साचे झाले आणि त्या लाकडात तांब्याचा पत्रा दाबून, हातोड्यांनी ठोकून ठोकून त्याला झग्याच्या चुण्यांचा, बोटांचा, ओठांचा आकार दिला गेला.

हे काम बघायला पॅरिसला जायला नको. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडतात. भांड्याला आकार आला की तांबट त्यावर छोटे छोटे गोल ठोके मारत जातो. त्याला मठारकाम म्हणतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती नक्षी आहेच, पण त्यामागे विज्ञानही आहे. तांब्याच्या आत अणूंचे थर असतात. ठोका बसला की ते थर एकमेकांवरून घसरतात आणि जागोजागी अडकून बसतात. अडकले की पुढच्या वेळी त्यांना सहज घसरता येत नाही, म्हणून पत्रा कडक होतो. जास्तच कडक झाला तर तडकेल, मग तांबट तो भट्टीत तापवतो. तापला की अणू पुन्हा नीट लागतात आणि पत्रा नरम. परत ठोका. बार्थोल्डींच्या कारागिरांचं आणि कसब्यातल्या तांबटांचं तंत्र अगदी एकसारखं नव्हतं, हे खरं. पण ठोक्यानं कडक आणि आचेनं नरम हा तांब्याचा स्वभाव दोन्हीकडे तोच.

आता अडचण अशी की पातळ पत्र्याची एवढी उंच बाई वाऱ्यात उभी राहणार कशी? त्यासाठी आत लोखंडी सांगाडा हवा. तो करून दिला गुस्ताव आयफेल यांनी. होय, तेच आयफेल टॉवरवाले. टॉवर नंतर झाला, आधी ही बाई झाली.

आयफेल यांच्या पुढचं कोडं मोठं मजेदार होतं. उन्हात धातू फुगतो, थंडीत आकसतो, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण सगळे धातू सारखे फुगत नाहीत. हिशेब करून बघा: ४६ मीटर उंचीच्या तांब्याचं तापमान ४० अंशांनी वाढलं, तर ते साधारण तीन सेंटिमीटर वाढतं. तेवढंच लोखंड वाढतं जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. पत्रा सांगाड्याला घट्ट खिळवून टाकला असता तर दर उन्हाळ्यात तांबं म्हणालं असतं मला वर जायचंय, लोखंड म्हणालं असतं थांब. भांडणात पत्रा फाटला असता. आयफेल यांनी मधे लवचीक पट्ट्या घातल्या. पत्र्याच्या आतल्या बाजूला तांब्याची छोटी खोगिरं बसवली आणि त्यांतून लोखंडी पट्ट्या अशा ओवल्या की त्या थोड्या सरकू शकतील. म्हणजे तिचा झगा तिच्या हाडांना चिकटलेला नाही, नुसता टांगलेला आहे. ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा सुटला तर स्वातंत्र्यदेवी तीन इंचांपर्यंत डुलते आणि मशाल तर पाच-सहा इंच हलते. हलते म्हणूनच टिकते.

ही खोगिरं लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी त्यांनीच घात केला. ते पुढे सांगते.

आता दुसरी गोष्ट: ती उभी कशासाठी केली?

इथे एक गुपित आहे. अमेरिकेचा विचार डोक्यात पक्का होण्याआधी बार्थोल्डींनी असाच एक प्रचंड पुतळा इजिप्तसाठी योजला होता. तेव्हा सुएझ कालवा तयार होत होता. कालव्याच्या तोंडाशी हातात दिवा धरलेली इजिप्तची शेतकरी बाई उभी करायची, तोच दीपस्तंभ, अशी कल्पना. इजिप्तच्या राज्यकर्त्याला, खेदिव इस्माइलला, तो खर्च झेपणारा नव्हता. नकार आला. हात उंचावून दिवा धरलेली बाई मात्र बार्थोल्डींच्या मनातून गेली नाही.

अमेरिकेची कल्पना मूळची एदुआर द लाबुले नावाच्या फ्रेंच कायदेपंडितांची. अमेरिकेत नुकतंच मोठं यादवी युद्ध संपलं होतं आणि १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. लाबुले गुलामगिरीचे कट्टर विरोधक. शिवाय त्यांच्या फ्रान्समध्ये तेव्हा सम्राटाचं राज्य होतं आणि त्यांना हवी होती लोकशाही. अमेरिकेला लोकशाहीची भेट द्यायची म्हणजे घरच्या सम्राटालाही चिमटा काढायचा! आधीच्या एका नमुन्यात देवीच्या डाव्या हातात तुटलेली साखळी होती. नंतर तिथे पाटी आली, तिच्यावर रोमन आकड्यांत ४ जुलै १७७६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याची तारीख कोरली आणि साखळी गेली पायाशी. आजही ती तिथे आहे. पण चबुतऱ्याखाली उभं राहून मान कितीही वर केली तरी ती दिसत नाही. मला विचाराल तर त्या सबंध पुतळ्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुणालाच दिसणार नाही अशा जागी ठेवली गेली.

पुतळा फ्रान्सनं द्यायचा आणि चबुतरा अमेरिकेनं बांधायचा, असं ठरलं होतं. फ्रान्सचं काम झालं. जून १८८५ मध्ये 'इझेर' नावाच्या जहाजातून साडेतीनशे तुकड्यांत सुटी केलेली देवी दोनशेवर खोक्यांत भरून न्यूयॉर्कला पोचली. आणि चबुतऱ्याचे पैसे संपलेले! तेव्हा जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्राच्या मालकांनी एक शक्कल लढवली. 'द वर्ल्ड' हे त्यांचं वर्तमानपत्र. त्यांनी जाहीर केलं की जो कुणी वर्गणी देईल त्याचं नाव छापीन, मग रक्कम कितीही लहान असो. झालं, पैशांचा ओघ लागला. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून पाच महिन्यांत एक लाख डॉलर जमवले. बहुतेकांनी एक डॉलरहूनही कमी दिले होते. खाऊचे पैसे पाठवणारी मुलंही त्यात होती. हे पुलित्झर स्वतः हंगेरीतून रिकाम्या खिशानं अमेरिकेत आलेले.

२८ ऑक्टोबर १८८६. पाऊस, धुकं आणि बंदरात बोटींची दाटी. देवीच्या तोंडावर फ्रान्सचा झेंडा पडद्यासारखा टाकलेला. बार्थोल्डी वर मुकुटात दोरी धरून बसलेले. खाली सिनेटर एव्हार्ट्स यांचं भाषण रंगात आलेलं. ते संपलं की खालून खूण होणार आणि पडदा पडणार. एव्हार्ट्स मधेच दम घ्यायला थांबले. बार्थोल्डींना वाटलं, संपलं! ओढली दोरी. पडदा खाली, तोफा धडाडल्या, बोटींचे भोंगे सुरू झाले. बिचाऱ्या सिनेटरचं उरलेलं भाषण कुणालाच ऐकू गेलं नाही. शहरात मिरवणूक निघाली तेव्हा कचेऱ्यांतल्या पोरांनी खिडक्यांतून शेअरबाजाराच्या यंत्रातल्या कागदी फिती उधळल्या. मिरवणुकीत अशा फिती उधळायची न्यूयॉर्कची चाल त्या दिवसापासून पडली.

पण त्या दिवशी सगळेच खूश नव्हते, हेही ऐका. न्यूयॉर्कमधल्या मताधिकार मागणाऱ्या बायकांनी एक बोट भाड्यानं घेतली आणि त्या बेटाजवळ जाऊन निषेध करून आल्या. त्यांचा सवाल सरळ होता. स्वातंत्र्य म्हणून बाईचा पुतळा उभारता आणि खऱ्या बाईला मत द्यायला बंदी? देशभरातल्या बायकांना तो हक्क राज्यघटनेनं दिला १९२० साली, म्हणजे आणखी ३४ वर्षांनी. 'क्लीव्हलंड गॅझेट' हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र. त्याचं म्हणणं असं की दक्षिणेकडे आमच्या माणसाला मारहाणीच्या भीतीशिवाय कमावून खाता येत नाही तोवर तो पुतळा मशालीसकट समुद्रात बुडवा. आणि सॉम साँग बो नावाच्या एका चिनी गृहस्थानं तर आदल्याच वर्षी पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही १८८२ मध्ये कायदा करून चिनी कामगारांना देशात यायची बंदी केली, आता त्याच चिन्यांकडे या पुतळ्यासाठी वर्गणी मागता?

सुरुवातीलाच तिच्याविषयी एवढी भांडणं! तिचा एकच एक अर्थ असा कधी नव्हताच.

याच काळात आपल्याकडची दोन माणसं त्या देशात होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. बेटावर तेव्हा जुना किल्ला होता, देवी नव्हती. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम अमेरिकेत आल्या होत्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये आजारी आनंदीबाई परतीच्या बोटीत बसल्या, त्याच महिन्यात देवीवरचा पडदा उठला. रमाबाई मात्र पुढेही तिथे राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं. मोठ्या झालात की वाचा. भाषा जुनी आहे, पण बाई फार बारकाईनं बघत होत्या.

आता परत तांब्याकडे, कारण देवी हळूहळू काळवंडू लागली होती.

तांब्याला हवेतला प्राणवायू भेटला की त्यावर लालसर-तपकिरी ऑक्साइडचा पातळ थर बसतो. तो गडद होत होत काळपट होतो. घरातली भांडी साधारण इथवर येतात आणि मग आई ती चिंच नाहीतर आमसूल लावून घासून टाकते. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. पण स्वातंत्र्यदेवीला कोण घासणार? (किती चिंच लागेल याचा हिशेब गणिताची आवड असणाऱ्यांनी करावा.) तिच्यावर पाऊस पडत राहिला, समुद्राची खारी हवा लागत राहिली. त्यात न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सगळीकडे दगडी कोळसा जळायचा. कोळशात गंधक असतं. धुरातला गंधकाचा वायू दमट हवेत मिसळून तांब्यावर बसला आणि तांबं, गंधक, प्राणवायू नि पाणी यांचं मिळून एक हिरवं खनिज तयार झालं. त्याचं नाव ब्रोकँटाइट. जिथे मीठ जास्त, तिथे दुसरी हिरवी खनिजंही. तांब्यावरच्या अशा हिरव्या थराला आपल्याकडे जंगाल म्हणतात.

१९०६ च्या सुमारास ती नखशिखांत हिरवी झाली. सरकारी माणसं घाबरली. बाई गंजली! रंग काढा, पैसे मंजूर करा, रंगवून टाका! लोकांना ही बातमी कळली आणि त्यांनी आरडाओरडा केला, की आम्हाला ती हिरवीच हवी. लष्कराच्या अभियंत्यांनी जाऊन तपासलं आणि तेही म्हणाले, हात लावू नका.

का बरं? लोखंडाचा गंज आठवा. तो भुसभुशीत असतो, पोपडे धरतो, गळून पडतो. खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं, पुन्हा गंजतं आणि असं करत करत सगळी पट्टी संपते. तांब्याचा हिरवा थर घट्ट चिकटून राहतो. तो एकदा बसला की हवा-पाणी खालच्या तांब्यापर्यंत सहजी पोचत नाही. शंभर वर्षांत त्या पातळ पत्र्याची जाडी अवघी चार-पाच टक्के कमी झाली. घासूनपुसून तिला लखलखीत ठेवली असती तर प्रत्येक घासणीबरोबर थोडं तांबं गेलं असतं. तर बाहेरून रंगवायचा बेत रद्द झाला आणि रंगाचा हात फक्त आतल्या बाजूला मारला. त्याचीही गंमत पुढे आहे.

बाहेरचा रंग बदलत असताना समोरच्या पाण्यातून आगबोटी येतच होत्या. १८९२ मध्ये शेजारच्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारं ठाणं उघडलं. १९५४ मध्ये ते बंद होईपर्यंत तिथून सुमारे सव्वा कोटी माणसं अमेरिकेत गेली. इटलीतले, पोलंडमधले, रशियातले, आयर्लंडमधले गरीब लोक. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरकायची. एलिस बेटावर उतरावं लागायचं ते तिसऱ्या वर्गाला. डॉक्टर त्यांच्या कोटावर खडूनं अक्षर काढायचे. डोळ्यांत दोष वाटला तर एक अक्षर, हृदयात वाटला तर दुसरं. ते अक्षर पुसलं जाईपर्यंत माणसाच्या जिवात जीव नसायचा. या सगळ्यांनी बोटीच्या डेकवर दाटीवाटीनं उभं राहून सगळ्यात आधी काय पाहिलं? हिलाच. तिच्या पाटीवर काय कोरलंय आणि पायाशी साखळी आहे की नाही, याच्याशी त्यांना काय घेणं? त्यांच्यासाठी ती दारात उभी राहून या म्हणणारी बाई होती.

एमा लॅझरस नावाच्या कवयित्रीनं १८८३ मध्येच, चबुतऱ्याच्या निधीसाठी, अशा अर्थाची एक कविता लिहिली होती. 'द न्यू कोलोसस' तिचं नाव. तेव्हा तिच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. १८८७ मध्ये लॅझरस वारल्या. पुढे १९०३ मध्ये त्यांच्या एका मैत्रिणीच्या खटपटीनं ती कविता धातूच्या पत्र्यावर कोरून चबुतऱ्याच्या आत बसवली गेली आणि हळूहळू शाळाशाळांतून पाठ होऊ लागली. आज विचारा कुणालाही, स्वातंत्र्यदेवी म्हणजे काय? निम्मे लोक सांगतील, परक्यांना घर देणारी. लाबुल्यांच्या डोक्यात हे नव्हतं, बार्थोल्डींच्याही नव्हतं. खडूच्या अक्षरानं घाबरलेल्या त्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनी हे केलं.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी भरभर सांगते. जुलै १९१६ मध्ये जवळच्याच ब्लॅक टॉम या जागी दारूगोळ्याच्या साठ्याचा जर्मन हस्तकांनी स्फोट घडवला. मशालीच्या हाताला धक्का बसला आणि तेव्हापासून मशालीत चढायला पाहुण्यांना बंदी आहे. ती आजतागायत. आणि १९१८ मध्ये आयोवा राज्यातल्या एका छावणीत १८,००० सैनिकांना मैदानात उभं करून त्यांचीच स्वातंत्र्यदेवी बनवली आणि मनोऱ्यावरून फोटो काढला! कोडं ऐका. त्यांतले सुमारे १२,००० सैनिक एकट्या मशालीत उभे होते आणि तळाशी फक्त १७. असं का? कारण मशाल कॅमेऱ्यापासून सगळ्यात लांब होती. लांबचं लहान दिसतं, म्हणून फोटोत ती नेमक्या आकाराची दिसावी यासाठी जमिनीवर ती प्रचंड आखावी लागली.

आता आपला विषय. ती या म्हणत होती, पण सगळ्यांना नाही. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानसकट आशियातल्या बहुतेक लोकांना अमेरिकेचं दार बंदच झालं. १९४६ मध्ये ते किंचित किलकिलं झालं. भारतातून वर्षाला शंभर माणसं. शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशादेशाप्रमाणे माणसं मोजायची जुनी पद्धत मोडीत निघाली. सही कुठे केली माहीत आहे? मुद्दाम टेबल-खुर्ची बेटावर नेऊन, स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी. त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर, अभियंते अमेरिकेत जाऊ लागले आणि पंधरा-सोळा वर्षांत एवढी मराठी मंडळी जमली की १९८१ मध्ये तिथे बृहन्महाराष्ट्र मंडळ निघालं. तुमचा कुणी काका नाहीतर मावशी न्यू जर्सीत राहत असेल, तर त्या घरातल्या गणपतीचा धागा या टेबलापर्यंत जातो.

राहिली ती खोगिरं.

१९८० च्या सुमारास आतून तपासणी झाली तेव्हा कळलं की बाहेरून ठणठणीत दिसणारी बाई आतून आजारी आहे. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकवून मधे खारं पाणी आलं की काय होतं? बॅटरी तयार होते! लोखंडातून इलेक्ट्रॉन तांब्याकडे जाऊ लागतात आणि लोखंड एरवीपेक्षा झपाट्यानं गंजतं. आयफेल यांना हे ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही धातूंच्या मधे लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड घातलं होतं. पण शंभर वर्षं समुद्राच्या हवेत कापड ते किती टिकणार? ते झिजलं, धातू धातूला लागला आणि बॅटरी सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पट्ट्या फुगल्या, खोगिरांत अडकल्या, सरकेनाशा झाल्या आणि त्यांनी पत्र्यातले रिव्हेट उपटून काढले.

मग फ्रेंच आणि अमेरिकन अभियंते पुन्हा एकत्र बसले. एका वेळी थोड्याथोड्या करत हजाराहून जास्त पट्ट्या बदलल्या. नव्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या आणि मधे कापडाऐवजी टेफ्लॉन, तेच आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरचं. आतल्या रंगाचे थरावर थर काढायला द्रवरूप नायट्रोजन वापरला. उणे १९६ अंशांची थंडी लागताच रंग कडकडून सुटला. पण त्या रंगाखाली डांबराचाही लेप होता, तो काही केल्या निघेना. वाळूचा मारा केला तर नाजूक तांबं ओरबाडणार. शेवटी कुणाला तरी सुचलं, खाण्याचा सोडा! तोच, भज्यात घालतात तो. टनांनी सोडा आणून डांबरावर जोरात फवारला आणि डांबर गेलं. थोडा सोडा फटींतून बाहेर येऊन हिरव्या अंगावर ओघळ उठले, तेवढं झालंच. जुनी गळकी मशाल उतरवून सोन्याचा वर्ख लावलेली नवी चढवली. ५ जुलै १९८६ ला ती पुन्हा लोकांसाठी उघडली. जुनी मशाल आता बेटावरच्या संग्रहालयात आहे. तिथे मात्र ती अगदी जवळून बघता येते.

तिच्याकडे बघून जगात कुठे कुठे काय घडलं याची यादी लांब आहे. एकच सांगते. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी फोम आणि कागदाच्या लगद्याची दहा मीटर उंच देवी उभी केली, दोन्ही हातांनी मशाल धरलेली. ती पाचच दिवस टिकली. रणगाड्यांनी पाडली. ती ना तांब्याची होती, ना हिरवी. तरी जगभरच्या लोकांनी ती कोणाची बहीण आहे ते लगेच ओळखलं.

आता तुमचं काम. आयफेल यांच्या बॅटरीचा त्रास घरी करून बघायचा आहे. दोन साधे लोखंडी खिळे घ्या, जस्ताचा मुलामा नसलेले, आणि पॉलिश पेपरनं घासून लख्ख करा. वायरमनकाकांकडून तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा मागा आणि वरचं प्लॅस्टिक मोठ्यांकडून सोलून घ्या. एका खिळ्याला ती तार घट्ट गुंडाळा. दुसरा तसाच ठेवा. दोन काचेच्या ग्लासांत सारखं पाणी, सारखं मीठ आणि एकेक खिळा. ग्लास हलवू नका, रोज सकाळी फक्त बघा. तीन दिवसांनी कोणत्या ग्लासातलं पाणी जास्त पिवळं झालं, ते पोस्टकार्डावर चित्र काढून आम्हाला कळवा. ते पाणी झाडांना घालू नका, मोरीत ओता आणि हात साबणानं धुवा.